चाळीस सेकंद

ओउलूत डिसेंबरचा दिवस
जेवणाच्या डब्याएवढा:
उघडला, संपला, झाकण लावलं.
उरलेल्या अंधारात आम्ही सहाजण
शहराची ऊब सांभाळतो.
रस्त्यांखालून गरम पाणी फिरतं;
कुठल्या घराला किती, कधी,
ते आमचा प्रोग्राम ठरवतो.

पूर्वी आम्ही लिहायचो. आता सांगतो.
चार एजंट आहेत. संध्याकाळी कामं नेमून द्यायची,
सकाळी बुटांवरचा बर्फ झटकत आत यावं
तर रात्रीतून कुणी लाकडं फोडून, रचून,
वर ताडपत्रीसुद्धा घालून गेल्यासारखा
कोड तयार.
सेन्या त्यांना सांगकामे म्हणते.
मला वाटतं, मी उंटावर बसलेय,
आणि खालच्या शेळ्यांना
वाट माझ्याहून जास्त पाठ आहे.

मंगळवारी एका सांगकाम्यानं
सत्तावीस वर्षं जुन्या फाइलमधून
चाळीस सेकंदांचा एक थांबा काढून टाकला.
नम्रपणे लिहिलं: कारण आढळत नाही.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
सेन्या म्हणाली, "पण कुणीतरी तो घातला होता ना?"
माझ्यापुढे अजून एकोणीस बदल तपासायचे पडले होते,
कॉफी निवत होती.
"हिरवं आहे ना? जाऊ दे."
आणि मी मंजुरी दिली.

गुरुवारी रात्री उणे एकतीस.
तुइराच्या पुलापाशी जमिनीखाली
घण घातल्यासारखा आवाज झाला,
तीनदा.
वृद्धाश्रमातल्या बेचाळीस खोल्या
बघता बघता गार पडल्या.
फोनवरच्या नर्सनं आरडाओरडा केला नाही.
एवढंच म्हणाली,
"आम्ही त्यांना टोप्या घालतोय."

एजंटला विचारलं. त्यानं चूक लगेच कबूल केली,
इतकी लगेच, की माझं डोकंच फिरलं.
चुकलेला माणूस जरा घुटमळतो,
पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतो.
याला अंगठाच नाही,
ना उकरायला, ना कागदावर उठवायला.
नोंदवहीत मंजुरीपुढे नाव होतं ते माझं.

वेइक्कोला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
पहाटे चारला त्यानं पहिल्याच रिंगला फोन उचलला.
"तुइराची झडप," तो म्हणाला, "म्हातारी आहे ती.
फिरायला तिला अडतीस सेकंद लागतात.
दोन मी तिला दम खायला दिले होते."
"मग लिहून का नाही ठेवलंस?"
"तेव्हा सगळ्यांना माहीत होतं."
मग बराच वेळ नुसती खरखर.
"सगळ्यांना म्हणजे,
मला आणि आर्वोला."
आर्वो गेला, त्यालाही पाच वर्षं झाली.

थांबा परत घातला. सकाळी सातला खोल्या उबल्या.
वरून विचारणा आली: नेमकी कुठल्या एजंटची चूक?
उत्तरात मी माझं नाव लिहिलं,
मग पाठवायच्या आधी
अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले. हेही खरं.
आता दिवसाला सहाच बदल बघते.
बाकीचे साचतात. साचू देत.
सांगकाम्यांना ताटकळण्याचं काही वाटत नाही;
वाटतं ते मला,
आणि वरच्यांना.

शनिवारी सेन्याला घेऊन पुलाखालच्या पंपघरात गेले.
तिनं ही झडप आजवर
पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढीच पाहिली होती.
गंजलेली, बैलाच्या वशिंडाएवढी,
कुशीवर रंगानं काढलेली कुणाचीतरी आद्याक्षरं.
सेन्यानं हातमोजा काढला, तळवा टेकवला.
मी चाक फिरवायचा इशारा दिला.
ती मोठ्यानं मोजू लागली,
आकड्यागणिक तोंडातून वाफ.
सव्वीसला झडप कण्हली.
अडतीसला आतून खट्ट झालं.

सेन्यानं हात काढला नाही.
मीही काही बोलले नाही.
उरलेली दोन सेकंदं
आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.